डॉ. कार्ल कोलर

डोळ्यात धुळीचा एखादा बारीक कण गेला, तरी जीव कासावीस होतो. पापणी आपोआप मिटते, डोळ्यातून पाण्याची धार लागते, आणि तो कण निघेपर्यंत मनुष्याला दुसरे काही सुचत नाही. डोळ्याच्या दर्शनी भागावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याची स्पर्शाची जाणीव अत्यंत तीव्र असते. डोळ्याच्या रक्षणासाठीच निसर्गाने ही योजना केलेली आहे. परंतु मोतीबिंदूसारखा विकार होऊन शस्त्रक्रिया केल्यावाचून दृष्टी परत मिळण्याची आशा नसते, तेव्हा हीच योजना वैद्याच्या मार्गात आडवी येते. धुळीचा कणही ज्याला सहन होत नाही, त्या डोळ्यावर शस्त्र कसे चालवावे, हा प्रश्न शतकानुशतके वैद्यांपुढे उभा होता. त्याचे उत्तर १८८४ साली व्हिएन्ना शहरातील एका सव्वीस वर्षांच्या डॉक्टराने शोधून काढले. त्यांचे नाव कार्ल कोलर.

कोलर यांचा जन्म ३ डिसेंबर १८५७ रोजी बोहेमिया प्रांतातील एका लहानशा गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. हा प्रांत त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात असून सुशित्से या नावाने ओळखले जाते. पुढे हे कुटुंब व्हिएन्नास राहावयास आले, आणि तेथील विद्यापीठातच कोलर यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. व्हिएन्ना हे तेव्हा वैद्यकविद्येचे माहेरघर समजले जाई. तेथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात नामांकित शल्यवैद्य व नेत्रवैद्य अध्यापन करीत, आणि देशोदेशींचे विद्यार्थी त्यांच्या पायाशी बसून शिकत. १८८२ साली कोलर पदवीधर झाले आणि त्याच रुग्णालयात कनिष्ठ डॉक्टर म्हणून काम करू लागले.

विद्यार्थिदशेपासून कोलर यांना प्रयोगाची गोडी होती. प्राध्यापक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी पुष्कळ काळ घालविला होता. एखादी गोष्ट ग्रंथात लिहिली आहे एवढ्याने ती खरी मानू नये, स्वतः प्रयोग करून तिची प्रचीती घ्यावी, ही शिस्त त्यांच्या अंगी तेथे बाणली. नेत्रवैद्य व्हावे ही त्यांची मनीषा होती. त्यासाठी नेत्रचिकित्सालयात साहाय्यकाची जागा मिळणे आवश्यक होते. परंतु उमेदवार अनेक आणि जागा थोड्या. काहीतरी स्वतंत्र संशोधन करून दाखविल्याखेरीज आपला निभाव लागणार नाही, हे ते ओळखून होते.

शस्त्रक्रियेच्या वेदना घालविण्याचा उपाय तोपर्यंत जगाला सापडलेला नव्हता, असे मात्र नाही. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात ईथर या द्रव्याची वाफ हुंगवून रोग्यास बेशुद्ध करण्याचा प्रयोग सर्वांसमक्ष यशस्वी झाला होता, आणि पुढच्याच वर्षी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू झाला. पोटाच्या किंवा हातापायांच्या शस्त्रक्रियेत ही भूल म्हणजे मोठेच वरदान होते. डोळ्याच्या बाबतीत मात्र तिचा लाभ होण्याऐवजी अनेकदा अपायच होई. ईथर दिलेल्या रोग्यास शुद्धीवर येताना उमाळे येत, वांत्या होत. डोळ्यावरील जखम शिवण्याइतके बारीक टाके घालण्याची रीत तेव्हा नव्हती. त्यामुळे वांतीच्या जोराने ताजी जखम उघडे आणि केलेली शस्त्रक्रिया व्यर्थ जाऊन डोळा कायमचा निकामी होण्याचे भय असे. शिवाय डॉक्टर सांगेल त्या दिशेस रोग्याने नजर वळविली, तर नेत्रवैद्याचे काम सुकर होते. बेशुद्ध मनुष्य हे कसे करणार? म्हणून बहुधा रोग्यास जागेपणीच शस्त्राखाली घेतले जाई. दोघे तिघे मदतनीस त्यास घट्ट धरून ठेवीत. शस्त्र जवळ येताच त्याचा डोळा चळे, मान हले, आणि केसभर अंतराचा फरक पडला तरी दृष्टी जात असे.

ही अवस्था कोलर यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. ज्यावर औषध लावले असता सारे शरीर बेशुद्ध न होता केवळ डोळाच बधिर होईल असे काही हवे, ही गोष्ट त्यांचे गुरू प्राध्यापक आर्ल्ट यांच्या व्याख्यानांतून त्यांच्या मनावर ठसली होती. त्यांनी मॉर्फीन, क्लोरल, ब्रोमाइड अशी निरनिराळी द्रव्ये जनावरांच्या डोळ्यांत घालून पाहिली. एकाचाही उपयोग झाला नाही. निरुपायाने त्यांनी ते प्रयोग बाजूस ठेवले. परंतु तो प्रश्न मात्र त्यांच्या मनातून गेला नाही.

दक्षिण अमेरिकेतील पेरू व बोलिव्हिया या देशांत कोका नावाचे एक झुडूप होते. तेथील मूळ रहिवासी डोंगर चढताना थकवा जाणवू नये म्हणून त्याची पाने चघळीत. १८६० साली नीमान नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या पानांतील मुख्य द्रव्य वेगळे काढले व त्यास कोकेन असे नाव दिले. या पांढऱ्या भुकटीचा कण जिभेवर ठेवला असता जीभ काही काळ बधिर होते, हेही त्यांनी नमूद करून ठेवले होते. पुढील चोवीस वर्षांत आणखी काही संशोधकांना हाच अनुभव आला. परंतु जीभ बधिर होते ही एक गंमतीची गोष्ट, यापलीकडे त्याचा व्यवहारात उपयोग करण्याचे कोणी मनावर घेतले नाही.

१८८४ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात कोलर यांचे एक मित्र याच द्रव्याचा अभ्यास करीत होते. ते म्हणजे पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड. कोकेनमुळे स्नायूंची शक्ती वाढते की काय, हे पाहण्यासाठी त्यांनी कोलर यांची मदत घेतली होती. उन्हाळा संपत आला असता फ्रॉइड आपल्या वाग्दत्त वधूस भेटण्यासाठी परगावी गेले आणि कोलर मागे राहिले. एके दिवशी एंगेल नावाच्या सहकाऱ्याने चाकूच्या टोकावर कोकेनची चिमूटभर भुकटी घेऊन ती जिभेवर ठेवली, आणि जीभ किती बधिर झाली याचे आश्चर्य व्यक्त केले. कोलर यांनी सहज उत्तर दिले की, हे द्रव्य ज्याने ज्याने चाखले त्याला हा अनुभव आलाच आहे. हे शब्द तोंडातून निघतात न निघतात तोच त्यांच्या मनात वीज चमकावी तसे झाले. जे द्रव्य जीभ बधिर करते, ते डोळा का बधिर करणार नाही? ज्याचा शोध आपण इतके दिवस घेत होतो, ते आपल्या खिशातच तर नाही ना?

ते तडक स्ट्रिकर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे साहाय्यक गेर्टनर होते. कोलर यांनी थोडीशी भुकटी पाण्यात विरघळविली, एक बेडूक आणविला आणि द्रावणाचा थेंब त्याच्या एका डोळ्यात सोडला. काही क्षणांनी त्या डोळ्यास स्पर्श केला असता बेडूक आपला डोळा मिटी. पुन्हा थोडा वेळ गेला. सुमारे एका मिनिटाने बेडकाच्या त्या डोळ्यास स्पर्श केला, टोचले, तरी तो हलला नाही. दुसऱ्या डोळ्यात औषध घातलेले नव्हते. त्यास नुसता धक्का लागताच तो पहिल्यासारखाच दचकला. एकाच प्राण्याच्या दोन डोळ्यांत पडलेला हा फरक पाहून शंकेस जागा राहिली नाही. त्यानंतर सशावर व कुत्र्यावर तोच प्रयोग झाला, आणि परिणामही तोच दिसून आला.

आता हे औषध मनुष्याच्या डोळ्यात घालावयाचे होते. रुग्णालयात रोगी पुष्कळ होते. परंतु जे आपण स्वतः अनुभवलेले नाही ते परक्याच्या डोळ्यात घालणे कोलर यांच्या मनास पटले नाही. त्यांनी व गेर्टनर यांनी पापणी उचलून ते द्रावण एकमेकांच्या डोळ्यांत सोडले. मग समोर आरसा ठेवून, हातात टाचणी घेऊन तिच्या डोक्याने त्यांनी स्वतःच्याच डोळ्याच्या पडद्यास हलकेच स्पर्श केला. काहीच जाणवले नाही. टाचणी डोळ्यास लागलेली आरशात दिसत होती, पण डोळ्यास तिचा स्पर्श कळत नव्हता. दोघांच्या आनंदास पारावार उरला नाही. बेडूक, ससा, कुत्रा, मग स्वतःचा डोळा आणि सर्वांच्या शेवटी रोगी, हा क्रम त्यांनी उतावळेपणाने मोडला नाही. ११ सप्टेंबर १८८४ रोजी कोकेनने बधिर केलेल्या मानवी डोळ्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली.

याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे नेत्रवैद्यांची परिषद भरावयाची होती. आपला शोध जगापुढे मांडण्यास याहून योग्य स्थळ नव्हते. परंतु कनिष्ठ डॉक्टराची प्राप्ती ती किती! हायडेलबर्गपर्यंतच्या प्रवासाचा खर्च कोलर यांना परवडण्याजोगा नव्हता. अखेर त्यांनी आपला छोटासा निबंध लिहून काढला आणि परिषदेस जाणाऱ्या ब्रेटाउअर नावाच्या नेत्रवैद्याच्या हाती दिला. १५ सप्टेंबर रोजी ब्रेटाउअर यांनी तो सभेत वाचला, आणि औषधाचा परिणाम सर्वांना प्रत्यक्ष दाखविण्यात आला. जमलेले अनुभवी वैद्य थक्क झाले. ज्याने हा शोध लावला तो तरुण मात्र त्या वेळी शेकडो मैल दूर, आपल्या रुग्णालयातील रोजच्या कामात गुंतलेला होता.

पुढील महिन्यात, १७ ऑक्टोबर रोजी कोलर यांनी व्हिएन्नाच्या वैद्यमंडळापुढे स्वतः व्याख्यान दिले. कोकेनकडे तेथील वैद्यांचे लक्ष फ्रॉइड यांच्या लेखामुळे वेधले गेले, हे त्यांनी त्या वेळी मोकळेपणाने सांगितले. थोड्याच आठवड्यांत ही वार्ता युरोप व अमेरिकेतील मोठ्या शहरांत पोहोचली. पुढे १८८५ साली फ्रॉइड यांच्या वृद्ध वडिलांच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली, तेव्हा डोळा बधिर करण्याचे काम कोलर यांनीच केले.

एवढ्या कीर्तीनंतर नेत्रचिकित्सालयातील ती हवी असलेली जागा कोलर यांच्याकडे चालून येईल, असे कोणासही वाटले असते. परंतु तसे घडले नाही. १८८५ सालच्या जानेवारी महिन्यात, ते रुग्णालयात कामावर असताना, बोटास गंभीर इजा झालेला एक मनुष्य तेथे आला. रक्त थांबावे म्हणून त्याच्या बोटाभोवती रबरी पट्टी करकचून आवळलेली होती. अशी पट्टी फार वेळ तशीच राहिली, तर पुढील भागाचा रक्तपुरवठा बंद पडून तो भाग मृत होतो. कोलर यांनी ती पट्टी तत्काळ सैल करण्याचे ठरविले. तेथे असलेल्या दुसऱ्या एका डॉक्टराचा आग्रह पडला की, रोग्यास प्रथम आपल्या विभागात पाठवावे, मग काय ते पाहता येईल. रोगी कोणाच्या विभागाचा हा वाद नंतर घालता आला असता. बोट मात्र थांबणार नव्हते. कोलर यांनी पट्टी सोडविली. तेव्हा त्या डॉक्टराने सर्वांदेखत त्यांच्या ज्यू जातीचा उल्लेख करून अत्यंत हीन शिवी दिली. कोलर यांचा संताप अनावर झाला व त्यांनी त्याच्या मुखात भडकावली.

त्या काळच्या रूढीप्रमाणे या प्रकरणाचा शेवट तलवारींच्या द्वंद्वयुद्धात झाला. कायद्याने असे द्वंद्व निषिद्ध होते, तरीही मानी लोक ते टाळणे कमीपणाचे मानीत. कोलर यांना काही इजा झाली नाही. प्रतिपक्षी मात्र जखमी झाला. परंतु खरी जखम कोलर यांच्याच आयुष्याला झाली. ज्यू लोकांविषयीचा द्वेष त्या काळी व्हिएन्नात वाढत चालला होता. ज्या नगराला त्यांनी एवढा मान मिळवून दिला, तेथे त्यांना मनाजोगती जागा मिळाली नाही. त्यांनी व्हिएन्ना सोडले. काही काळ हॉलंडमधील उट्रेख्ट येथे डोंडर्स व स्नेलेन या थोर नेत्रवैद्यांच्या हाताखाली त्यांनी काम केले, आणि १८८८ साली ते अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क शहरी कायमचे स्थायिक झाले.

इकडे त्यांच्या शोधाने जगात वेग घेतला होता. डोळ्यात थेंब टाकून डोळा बधिर होतो, तर हेच द्रव्य सुईने मज्जातंतूजवळ सोडले असता हात, पाय किंवा जबडाही बधिर होईल, असा तर्क शल्यवैद्यांनी केला, आणि तो खरा ठरला. १८९८ साली जर्मन शल्यवैद्य बीर यांनी पाठीच्या कण्यात औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर करून दाखविला. अशा रीतीने, रोग्यास बेशुद्ध न करता शरीराचा हवा तेवढाच भाग बधिर करण्याची विद्या उदयास आली. तिला स्थानिक भूल असे म्हणतात.

परंतु या वेगात सावधगिरी मागे पडली. कोकेन हे जसे वेदनाहारक, तसेच ते विषही आहे, आणि त्याची चटक लागते. किती द्रव्य द्यावे याचा नीट विचार न करता पुष्कळांनी ते भरपूर मात्रेत टोचले. त्यामुळे काही रोगी दगावले. अमेरिकेतील बुद्धिमान शल्यवैद्य हॅल्स्टेड यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःवर वारंवार प्रयोग करता करता या द्रव्याचे व्यसन जडवून घेतले, आणि त्यापायी काहींचे आयुष्य उद्ध्वस्त झाले. डोळ्याच्या पृष्ठभागावर टाकलेला थेंब आणि रक्तात शिरणारे द्रव्य यांत केवढे अंतर आहे, हे वैद्यकास फार मोठी किंमत देऊन शिकावे लागले.

या अनुभवातून काही नियम निघाले. औषधाची मात्रा रोग्याच्या वजनाकडे पाहून ठरवावी, द्रावण शक्य तितके सौम्य घ्यावे, सुई टोचल्यावर पिचकारीचा दट्ट्या किंचित मागे ओढून ती रक्तवाहिनीत तर शिरली नाही ना याची खात्री करावी, आणि मगच औषध हळूहळू सोडावे. रोग्याची नाडी व श्वास यांवर शेवटपर्यंत लक्ष ठेवावे. त्याचबरोबर कोकेनपेक्षा कमी धोक्याच्या द्रव्यांचाही शोध चालू राहिला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आइनहॉर्न यांनी तयार केलेले नोव्होकेन हे द्रव्य १९०५ पासून प्रचारात आले. १९४३ साली स्वीडनमधील लोफ्ग्रेन यांनी लिडोकेन शोधून काढले. ते आजही सर्वत्र वापरले जाते. कोकेनच्या विक्रीवर सरकारांनी कडक निर्बंध घातले, आणि नेत्रवैद्यांनीही त्याच्याऐवजी अधिक निर्धोक औषधे स्वीकारली.

न्यूयॉर्कमध्ये कोलर यांनी नेत्रवैद्य म्हणून दीर्घकाळ काम केले. माउंट सायनाय या रुग्णालयात हजारो रोग्यांनी त्यांच्यापुढे आपले डोळे विश्वासाने उघडले. सन्मान त्यांच्याकडे उशिरा आले. १९२२ साली अमेरिकन नेत्रवैद्यांच्या संस्थेने त्यांना आपले सुवर्णपदक दिले. २१ मार्च १९४४ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज आपल्याकडे तालुक्याच्या गावी नेत्रशिबिर भरते, तेव्हा मोतीबिंदू झालेले आजीआजोबा तेथे जातात. डॉक्टर त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब सोडतात किंवा डोळ्याजवळ भुलीची सुई देतात. मग डोळा बधिर झाला की नाही याची खात्री करून घेतल्याशिवाय ते शस्त्रास हात लावीत नाहीत. रोगी जागा असतो, डॉक्टरांचे बोलणे ऐकत असतो, आणि थोड्या वेळाने डोळ्यास पट्टी बांधून आपल्या पायांनी चालत बाहेर येतो. त्यांपैकी बहुतेकांनी कोलर यांचे नाव कधी ऐकलेलेही नसते. पण आरशासमोर उभे राहून, टाचणीचा पहिला स्पर्श रोग्याच्या डोळ्याऐवजी स्वतःच्या डोळ्यास करून पाहणाऱ्या त्या तरुण डॉक्टराची सावधगिरी त्या प्रत्येक शस्त्रक्रियेत त्यांच्या पाठीशी उभी असते.